मास्तरांना येत नसलेली भाषा

आपल्या देशात पिक्चर बनायला सुरुवात कशी झाली, यावर आता जाडजूड पुस्तकं निघाली आहेत. त्यातल्या एकात आमच्या ह्यांचा उल्लेख आहे, तोही अर्ध्या ओळीत: ‘थिएटरातील एक निवेदक’. बस्स. बाकी पानंच्या पानं मंत्र्यांच्या भाषणांवर. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं. मी त्याच थिएटरच्या तिकीट खिडकीत पस्तीस वर्षं काढली आहेत. खिडकीत बसणाऱ्या माणसाला लांबण लावलेली खपत नाही, त्यामुळे थोडक्यात सांगते.

तर तेव्हा आपल्याकडे पिक्चर बनत नसत. बाहेरून यायचे आणि बाहेरच्या भाषेत बोलायचे. आमच्या गावात ती भाषा येणारी माणसं दोन. एक डॉक्टर, त्यांची बदली झाली. दुसरे थिएटरचे जुने निवेदक, ते वारले. निवेदक म्हणजे पडद्याच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसून, हातात माईक धरून, कोण काय बोलतंय ते लोकांना आपल्या भाषेत सांगणारा माणूस. पिक्चरचा आवाज बारीक करायचे आणि त्याचा मोठा. जुने गेले तेव्हा आमचे हे थिएटरात मोडक्या खुर्च्या दुरुस्त करत होते. मालकांनी विचारलं, “भाषा येते का रे?” हे म्हणाले, “येते.” मालकांना स्वतःला येत नव्हती, त्यामुळे परीक्षा झाली नाही.

ह्यांना त्या भाषेतले सहा शब्द येत होते. मला हे लग्नानंतर कळलं. नवी नवी हौस, मी म्हटलं मलाही शिकवा. रोज एक शब्द ठरला. सहा दिवस झकास गेले. सातव्या दिवशी हे म्हणाले, “आज नको.” आठव्या दिवशीही आज नको. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, “काय ते खरं बोला.” बोलले. मी कपाळाला हात लावला. पण लग्न झालेलं होतं, आणि नोकरी तशी बरी होती.

म्हणजे हे काय करायचे, तर पडद्यावर तोंडं हलताना बघायचे आणि त्या तोंडांत शोभेल ते बोलायचे. असे तीस वर्षं बोलले. एकालाही शंका आली नाही. उलट गावाने ह्यांना ‘मास्तर’ करून टाकलं. औषधाची बाटली असो, शिवणयंत्राचं पुस्तक असो, परदेशी अक्षरं दिसली की माणूस आमच्या दारात. हे चष्मा लावायचे, कागद उजेडात धरायचे, ओठ हलवायचे आणि दोनपैकी एक अर्थ सांगायचे. एक, ‘कोरड्या जागी ठेवा’. दोन, ‘लहान मुलांच्या हाती देऊ नका’. गिरणीवाला नव्या मोटरचं पुस्तक घेऊन आला तेव्हा दोन्ही सांगितले, कारण पुस्तक जाड होतं. कुणाचं काही वाईट झालं नाही. आणि मला सगळे मास्तरीणबाई म्हणायला लागले. दुकानात रांग असली तरी पुढे घ्यायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घरात एक खोटं बोलणारा होता तेवढा पुरे.

आता ह्यांचा दुसरा गुण. थिएटरात दिवसाला तीन खेळ बोलणारा हा माणूस घरी आला की मुका. परक्या बायांच्या मनात काय चाललंय ते चारशे लोकांना बैजवार सांगायचे, आणि स्वतःच्या बायकोशी दोनच शब्द: “हं” आणि “बघू”. मला ताप आला तरी “हं”. मी नवीन साडी नेसले तरी “हं”. खिडकीत बसलं की आतून ह्यांचा आवाज यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. म्हणजे तिथेही माझ्या वाट्याला काही नाही. लग्नाला सहा वर्षं झाली आणि माझ्या डोक्यावरून पाणी गेलं. मी बॅग भरली. “माहेरी जाते,” म्हटलं. “हं,” म्हणाले.

सात आठवडे राहिले तिकडे. परत आले ते प्रेमाचा उमाळा आला म्हणून नाही, तर भावजय भांडी जरा जास्तच जोरात आपटायला लागली म्हणून. मी दारात उभी राहिले, तर हे माझ्याकडे बघून म्हणाले, “तिकिटांचा नवा गठ्ठा आलाय.” झालं स्वागत. दुसऱ्या दिवशी मी खिडकीत जाऊन बसले. मागच्या महिन्यात एका पिक्चरला लोक ओक्साबोक्शी रडले म्हणे, असं दोघीतिघींनी सांगितलं. मी म्हटलं, असेल.

पुढे बरीच वर्षं गेली आणि सरकारने ठरवलं की आपल्या देशाचेही पिक्चर हवेत. राजधानीत एक बंद पडलेला साबणाचा कारखाना होता, तिथे राष्ट्रीय चित्रपट मंडळ उघडलं. कुठल्याशा मित्रदेशाने कॅमेरा भेट दिला. भिंतींत साबणाची पूड मुरलेली, त्यामुळे नट ऐन रडण्याच्या प्रसंगात शिंकायचे. पहिली चार वर्षं मंडळाने डास, धरण आणि हात धुण्याचे फायदे यांवर पिक्चर काढले. आमच्या थिएटरात ते मुख्य पिक्चरच्या आधी दाखवायचे. लोक तेवढ्या वेळात बाहेर जाऊन काहीबाही खाऊन यायचे, अर्थात हात न धुता.

मग मंडळात एक बाई पुढे आल्या. बाई कसल्या, आमच्याच गावची पोर. लहानपणी दर रविवारी आजोबांबरोबर पिक्चरला यायची. मंडळाने पिक्चर काढायचं शिक्षण दिलं त्या पहिल्या तुकडीतली ही. तिने देशातला पहिला खराखुरा, गोष्ट असलेला पिक्चर केला. साठ माणसं दोन वर्षं राबली. पिक्चर तयार झाला, आणि एका पत्रकाराने विचारलं, गोष्ट सुचली कुठून? ही सरळमार्गी पोर म्हणाली, “लहानपणी आमच्या गावच्या थिएटरात एक परदेशी पिक्चर पाहिला होता, त्याचीच गोष्ट आहे.” ते तसंच्या तसं छापून आलं.

झाली पंचाईत. कारण सरकारचा नियम असा की पिक्चरवर ‘राष्ट्रीय’ असा शिक्का लागतो, आणि परदेशी पिक्चरची नक्कल असेल तर तो मिळत नाही. शिक्का नाही तर थिएटर नाही. एक समिती बसली. तिने जुन्या नोंदी काढून तो परदेशी पिक्चर वकिलातीतून मागवला आणि पाहिला. तर दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. शेवटी एक बोट आहे, तेवढीच सारखी. तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, मग नक्कल कुठे आहे, द्या शिक्का. पण समितीत शिकलेली माणसं होती. ती म्हणाली, बाईंनी स्वतः कबूल केलंय की गोष्ट परदेशी आहे. ती या पिक्चरमध्ये नाही, अर्थात खरा पिक्चर दुसराच असणार. शोधा. मग तीन वकिलातींना पत्रं गेली, उत्तरं आली, पुन्हा पत्रं गेली. आठ महिने आपलं सरकार जगात नसलेला पिक्चर शोधत होतं. तोवर मंडळाचं काम बंद, साठ माणसं घरी. आणि त्यात खत खात्याने कारखान्याची जागा मागितली. महिनाअखेरपर्यंत शिक्का मिळाला नाही तर मंडळ गुंडाळून तिथे खताची पोती भरणार, असं ठरलं.

तेव्हा ती पोर आमच्या घरी आली. डोळ्यांखाली काळं झालेलं, केस कसेतरी बांधलेले.

“मास्तर, तुम्हाला नक्की आठवत असेल,” ती म्हणाली. “नवरा आजारी असतो, बायको त्याला औषध देते. तो बरा होऊन कामासाठी बाहेरगावी जातो. ती भावाकडे जाते, आणि शेवटी बोटीने परत येते. कुठल्या देशाचा होता हो तो? नाव काय त्याचं? समितीने मंगळवारी तुम्हाला साक्षीला बोलावलंय. तुम्ही फक्त नाव सांगा. निदान नक्कल कशाची केली हे कळून तरी मरू.”

हे चष्मा पुसत राहिले. “बघू,” म्हणाले.

ती गेल्यावर मी दार लावलं. असा पिक्चर कुठेच नाही हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि ते दोघंही त्या खोलीत होते. मी म्हटलं, “खबरदार तोंड उघडलंत तर. वय झालं, आठवत नाही, एवढंच सांगायचं.”

“पोरीचा पिक्चर जाईल,” हे म्हणाले.

“आणि आपली अब्रू? तीस वर्षं गावाला टोप्या घातल्यात ते सांगणार आहात भर समितीत? उद्या गिरणीवाला मोटर घेऊन दारात येईल. मला कोण मास्तरीणबाई म्हणेल?”

“हं,” हे म्हणाले.

मी स्वार्थी बोलले, हे मला बोलतानाच कळत होतं. पण खिडकीच्या आत बसलेल्या बाईकडे लोक बघत नाहीत, तिच्या हातातल्या तिकिटाकडे बघतात. मला नावाने नाही, पण मानाने हाक मारत होते, आणि तेवढंच माझ्याकडे होतं. मंगळवारी मी ह्यांच्याबरोबर बसमध्ये बसले, ह्यांचं तोंड बंद ठेवायला. एरवी उभा जन्म ते उघडावं म्हणून धडपडले.

समितीची खोली लांबट, एका टोकाला छोटा पडदा. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या एका बाजूला खात्याचे सचिव, दुसऱ्या बाजूला ती भाषा खरोखर येणारे एक प्राध्यापक. मागच्या बाकावर ती पोर. मला ह्यांच्या शेजारी बसू दिलं, कारण मी उठलेच नाही.

अध्यक्षांनी विचारलं, “वकिलातीने पाठवलेला हा पिक्चर तुमच्या थिएटरात लागला होता?”

“हो, साहेब. चार आठवडे.”

“मग बाईंनी जी गोष्ट घेतली, ती कोणत्या पिक्चरची?”

मी ह्यांच्या कोटाची बाही ओढली. हे म्हणाले, “ह्याच.”

“अशक्य!” प्राध्यापक उसळले. “ह्यातली बाई हेर आहे. ती नवऱ्याला विष पाजते!”

“विष होतं का ते?” ह्यांनी अगदी मनापासून विचारलं. “मी औषध सांगितलं.”

“अहो, तो मरतो!”

“पुढे दिसला नाही. म्हणून मी म्हटलं, बाहेरगावी गेलाय.”

सचिवांनी लिहिणं थांबवलं. अध्यक्ष पुढे वाकले आणि म्हणाले, “तुम्हाला ही भाषा येते ना?”

मी बाही इतकी ओढली की खांद्याची शिवण उसवली. हे उभे राहिले. “नाही, साहेब. सहा शब्द येतात.”

“मग तीस वर्षं तुम्ही काय करत होता?”

“नोकरी.”

मागे ती पोर एकदम उभी राहिल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. अध्यक्षांनी शेवटचा भाग पडद्यावर लावायला सांगितला. बाई बोटीवर चढते, बोट पाण्यात, आणि मग लांबवर नुसती बोट.

“इथे ती काय म्हणते?” अध्यक्षांनी प्राध्यापकांना विचारलं.

“‘मी आता कधीच परत येणार नाही.’”

“आणि तुम्ही काय सांगितलंत?”

“मी सांगितलं, ती परत येतेय,” हे म्हणाले.

“बोट तर जाताना दिसतेय, मास्तर!”

“लांबून बोट येतेय की जातेय हे कळत नाही, साहेब. कुणीतरी सांगावं लागतं. मी सांगितलं, नवरा धक्क्यावर उभा आहे. तो आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतोय.”

समितीने तो तुकडा तीन वेळा पाहिला. तिसऱ्या वेळी अध्यक्ष हळूच म्हणाले, “येतेय खरी.” सचिवांचं मत जातेय असंच राहिलं, आणि ते तसं नोंदवून घेण्यात आलं.

“पण हे सगळं का बदललंत?” अध्यक्षांनी विचारलं. “भाषा येत नव्हती, ठीक. पण बाई निघून चाललीय हे आंधळ्यालाही कळेल. लोकांना तसं सांगायला काय हरकत होती?”

आता हे नेहमीसारखं “बघू” म्हणतील असं मला वाटलं. ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बघितलं नाही, नुसतं बोट दाखवलं. “ही तेव्हा माहेरी गेली होती,” म्हणाले. “परत येईल की नाही ते मला माहीत नव्हतं. रोज तीनदा ती बोट सुटताना बघायची आणि वर लोकांना सांगायचं की गेली, हे मला जमेना.”

मी रडले. समितीसमोर, परक्या तीन पुरुषांसमोर, नाक ओढून ओढून रडले. आणि खरं सांगू, त्या रडण्यात निम्मा राग होता. बावीस वर्षं! बावीस वर्षं हा माणूस माझ्या समोर बसून जेवत होता.

निकाल त्याच आठवड्यात आला. गोष्ट परदेशी नाही, निवेदकाची आहे, निवेदक या देशाचा आहे, सबब शिक्का द्यावा. साबणाचा कारखाना वाचला. खत खात्याला दुसरीकडे जागा मिळाली, तिथे आता म्हणे खत भिजतं.

पण ते नंतर. त्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या मी ह्यांना विचारलं, “चारशे लोकांना सांगितलंत. मला का नाही सांगितलंत?”

ह्यांनी जरा विचार केला. “तू थिएटरात नव्हतीस,” म्हणाले. त्यापुढे घर येईपर्यंत चकार शब्द नाही.

साक्ष पेपरात आली आणि गावात जे व्हायचं ते झालं. गिरणीवाला तणतणत आला. “मास्तर, माझ्या मोटरच्या पुस्तकात नेमकं काय होतं?”

“माहीत नाही. चालतेय का?”

“अकरा वर्षं चालतेय.”

“मग?”

तो आणखीच चिडून गेला. लोक थिएटरात शिट्ट्या मारायला लागले. हे “ती रडतेय” म्हणाले की मागून कुणीतरी ओरडायचं, “कशावरून?” दोन आठवड्यांनी मालकांनी ह्यांना सांगितलं की आता गरज नाही, पुढच्या पिक्चरना खाली अक्षरं येणार आहेत. स्टूल काढून घेतलं. हे घरी बसले. दुकानात मी रांगेत शेवटी उभी राहायला लागले, आणि कुणी पुढे घेतलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. वाटलं नाही असं म्हणणार नाही.

मग तो पिक्चर आमच्या थिएटरात लागला. आपल्या भाषेत बोलणारा, निवेदक न लागणारा पहिला गोष्टीचा पिक्चर. पहिल्याच खेळाला मी माझ्याच खिडकीतून दोन तिकिटं फाडली, खिडकी बंद केली आणि ह्यांना घेऊन आत गेले. मधल्या रांगेत शेजारी शेजारी बसलो. ह्यांना प्रेक्षकांत कसं बसायचं ते माहीत नव्हतं. सारखे डावीकडे सरकत होते.

पिक्चर बरा होता. एकदोनदा नट शिंकतो, पण तेवढं चालायचंच. शेवटी बोट आली. पोरीने खरोखरची, येणारी बोट दाखवली होती, म्हणजे सचिवांनाही शंका नको. बायको धक्क्यावर उतरली. नवरा समोर उभा. आणि त्याने जे भाषण सुरू केलं! सरकारी कवीने लिहिलेलं होतं ते. त्यात समुद्र, मातृभूमी, उद्याची पहाट, सगळं आलं. बायको बिचारी बॅग हातात धरून ऐकतेय.

“हे मी म्हटलं नव्हतं,” हे पुटपुटले.

“मग काय म्हटलं होतंत?”

“रोज वेगळं.”

“वेगळं म्हणजे?”

“अठ्ठावीस दिवस, रोज तीन खेळ. दर वेळी वाटायचं, हे नाही, दुसरं काहीतरी बोलायला हवं.”

“चौऱ्याऐंशी वेळा?”

“हं.”

“सांगा,” मी म्हटलं.

“आता?”

“आता.”

ह्यांनी पडद्याकडे बघितलं. मग बोलायला लागले, थिएटरातल्या त्या मोठ्या आवाजात, कारण थिएटरात दुसऱ्या आवाजात बोलायची ह्यांना सवयच नव्हती. “पहिल्या खेळाला तो म्हणाला, ‘बोटीला उशीर झाला.’ दुसऱ्याला म्हणाला, ‘जेवलीस का?’ तिसऱ्याला म्हणाला, ‘तू गेल्यापासून घरात आवाजच नाही.’ मग दुसऱ्या दिवशी म्हणाला, ‘चूक माझी होती, मी बोलायला हवं होतं.’ मग म्हणाला...”

मागच्या रांगेतून कुणीतरी खेकसलं, “ओ काका, गप्प बसा की! पिक्चर ऐकू द्या!”

हे गप्प झाले. मी खुर्चीत मागे वळले आणि अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाले, “तुम्हीच गप्प बसा. आमचे हे बोलताहेत.”